डिस्क गेली की बॅटरी? जुन्या आयपॉडला कार्ड बसवताना

पहिली तपासणी कानाने होते. आयपॉडची स्टीलची पाठ कानाला टेकवायची आणि एखादं गाणं लावायचं. गाणी साठवणारी आतली फिरती डिस्क धडधाकट असेल तर बारीक ‘सूंऽ’ ऐकू येतं, मग दोन-तीनदा किर्र, आणि सगळं शांत. ‘सूंऽ टक्, सूंऽ टक्’ असंच चालू राहिलं, तर डिस्क उठायची धडपड करते आहे आणि तिला उठता येत नाही, असं समजायचं.

दुरुस्तीला घेतलेला आयपॉड पाचव्या पिढीचा, ३० जीबीचा. पाठीवर ए११३६ हा मॉडेल नंबर. ही पिढी ऑक्टोबर २००५ मध्ये आली आणि सप्टेंबर २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. संगीताच्या मेनूत ‘सर्च’ दिसत असेल तर सुधारित, नसेल तर आधीची. हा सुधारित होता. तक्रारी दोन: काही गाणी सुरू होताच पुढच्यावर उडी जाते, आणि कधी कधी चार-पाच मिनिटं नीट वाजून यंत्र आपोआप बंद पडतं, अ‍ॅपलचं सफरचंद दाखवतं, परत सुरू होतं. दोन्ही तक्रारी ऐकून लोक लगेच म्हणतात, डिस्क गेली. पण दुसऱ्या तक्रारीचं मूळ बहुधा बॅटरीत असतं. हे आधी निस्तरलं नाही तर डिस्कच्या जागी नवं मेमरी कार्ड बसवूनही यंत्र तसंच वागू शकतं.

याचं कारण हे यंत्र गाणं वाजवतं कसं, त्यात आहे. गाणं डिस्कवरून थेट कानात येत नाही. डिस्क थोडा वेळ फिरते, पुढची काही गाणी रॅममध्ये ओतते आणि झोपते. ३० जीबीच्या मॉडेलला ३२ एमबी रॅम, ६० आणि ८० जीबीच्या मॉडेलला ६४ एमबी. रॅममधला साठा संपत आला की डिस्कला परत उठवलं जातं. मोटर शून्यातून मिनिटाला ४२०० फेऱ्यांपर्यंत नेताना बॅटरीवर एकदम ताण येतो. बॅटरी म्हातारी असेल तर त्या क्षणी तिचा व्होल्टेज कोसळतो आणि यंत्र रिस्टार्ट होतं. म्हणजे गाणं ज्या जागी तुटतं ती जागा डिस्क जागी होण्याची असते. गाण्यात किंवा डिस्कच्या पृष्ठभागावर तिथे काही बिघाड असेलच असं नाही. तपासायला सोपं आहे. तेच गाणं चार्जर लावून वाजवा. चार्जरवर निर्धोक वाजलं आणि चार्जर काढल्यावर पुन्हा बंद पडलं, तर बॅटरी बदला. चार्जरवरही उड्या मारल्या, तर डिस्क किंवा तिला बोर्डाशी जोडणारी पट्टी.

पुढची साक्ष यंत्राच्याच तोंडून घेता येते. होल्डचा (बटणं बंद ठेवणारा) खटका एकदा लावून काढायचा, मग मेनू आणि मधलं बटण एकत्र सहा-आठ सेकंद, सफरचंद येईपर्यंत दाबून धरायचं. सफरचंद दिसलं रे दिसलं की बोटं हलवून मधलं बटण आणि मागच्या गाण्याचं बटण एकत्र दाबायचं. जमलं तर चाचणीचा मेनू येतो. तिथे आयओ, त्यात हार्डड्राइव्ह आणि त्यात स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. चाकाने सरकलं नाही तर पुढे-मागेच्या बटणांनी सरकवायचं. बघायचे आकडे दोनच: रीअ‍ॅलॉक्स, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला टाकलेली घरं, आणि पेंडिंग सेक्टर्स, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाजूला टाकलेली नाहीत अशी घरं. पहिला आकडा थोडाफार असला आणि महिनाभर तेवढाच राहिला तर चालवून घेता येतं. दुसरा शून्य नसेल तर दिवस मोजायला लागा. या आयपॉडवर पहिला तीन अंकी होता आणि दुसरा दोन अंकी. शिवाय चार्जर काढला की रिस्टार्ट. डिस्क आणि बॅटरी दोन्ही गेलेल्या.

उघडायच्या आधी गाणी काढून घ्यायची. खराब डिस्क दर खेपेला थोडी अधिक खराब होते, म्हणून आधी आयट्यून्सशी (आयपॉडमध्ये गाणी भरायच्या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरशी) खेळत बसायचं आणि मग कॉपी करू, असा क्रम ठेवू नये. मेनू-मधलं बटण दाबून रिसेट, मग सफरचंद दिसताच मधलं बटण आणि प्ले-पॉज: यंत्र डिस्क मोडमध्ये जातं आणि संगणकाला पेनड्राइव्हसारखं दिसतं. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू केला की ‘आयपॉड कंट्रोल’ हे फोल्डर दिसतं, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१ अशी ओळीने फोल्डरं. आतल्या गाण्यांना चार इंग्रजी अक्षरांची अर्थहीन नावं असतात. घाबरायचं कारण नाही; गायक, राग, अल्बम ही माहिती फाइलच्या पोटात टॅगमध्ये शाबूत असते आणि नवीन लायब्ररीत ओढली की सगळं जागच्या जागी बसतं. एकदम सगळं उचलू नका, एकेक फोल्डर घ्या. एखाद्या फोल्डरवर अडकून पडलं तर ते सोडून पुढे जायचं, अडलेलं शेवटी. मध्ये ‘डिस्क फॉर्मॅट करा’ असं विंडोज विचारेल. आयपॉड मॅकवर तयार केलेला असेल तर हमखास विचारतं. तिथे ‘कॅन्सल’. घाईत ‘ओके’ दाबलं की गाणी गेली.

आता सामान. डिस्क १.८ इंची असते आणि ४० पायांच्या सपाट पट्टीने बोर्डाला जोडलेली असते. त्याच पट्टीवर बसणारं आणि दुसऱ्या टोकाला एसडी कार्ड घेणारं अ‍ॅडॉप्टर मिळतं. आयफ्लॅश या नावाचे बोर्ड यासाठीच बनवलेले आहेत: सोलोत एक पूर्ण आकाराचं एसडी कार्ड, क्वाडमध्ये चार मायक्रोएसडी. जास्त खाचा असलेला बोर्ड घ्यायचा मोह होतो, पण चार कार्डं एकापुढे एक जोडून एकच मोठी डिस्क दाखवली जाते. एक कार्ड बिघडलं की सगळीच डिस्क बिघडली, आणि चारही कार्डं बॅटरी खातात ते वेगळंच. मला विचाराल तर एकच मोठं कार्ड, आणि तेही पूर्ण आकाराचं. मायक्रोएसडी प्लास्टिकच्या खोळीत घालून सोलोत बसवता येतं, पण खोळीचे पत्रे स्वस्तातले असले की संपर्क सैल पडतो. त्याचा त्रास वाईट असतो, कारण टेबलावर सगळं नीट चालतं आणि खिशात घालून जिना उतरलं की यंत्र गोठतं. या कामात पहिल्या जोडणीला नेमकं हेच झालं होतं. खोळ बदलून बघितली, फरक पडला. मग खोळच काढून टाकली आणि पूर्ण आकाराचं कार्ड घातलं.

किती जीबीचं कार्ड, हे मॉडेलवर ठरतं आणि इथे बरेच जण पैसे घालवतात. पाचव्या पिढीला मोठं कार्ड चालतं. पण त्यानंतरची, २००७ आणि २००८ सालची ८० आणि १२० जीबीची पातळ ‘क्लासिक’ मूळ सॉफ्टवेअरवर एका भिंतीला आपटते. त्यात डिस्कवरच्या घराचा पत्ता २८ बिटांचा आहे. दोनाचा २८वा घात गुणिले ५१२ बाइट म्हणजे १३७.४ अब्ज बाइट, त्यापुढचं घर तिला मोजताच येत नाही. १२८ जीबी म्हणून विकलेलं कार्ड म्हणजे १२८ अब्ज बाइट, ते या भिंतीच्या आत बसतं. २५६चं बसत नाही. २००९ अखेरच्या १६० जीबीच्या पातळ क्लासिकला ही अडचण नाही. म्हणून क्लासिक घेताना ‘कोणत्या सालची’ हे आधी विचारायचं.

पाचव्या पिढीची भिंत वेगळी, रॅमची. गाण्यांची सगळी यादी रॅममध्ये चढवली जाते. ३२ एमबीवाल्यात साधारण २०,००० गाण्यांनंतर आणि ६४ एमबीवाल्यात ५०,०००च्या आसपास यंत्र अडखळायला लागतं, यादी उघडताना रिस्टार्ट होतं. नावं लांबलचक असतील, मुखपृष्ठांची चित्रं भरलेली असतील तर त्याच्या बरंच आधी. म्हणून हिशोब गाण्यांचा करायचा. १२८ केबीपीएसचं एमपी३ गाणं चार मिनिटांचं म्हणजे चार एमबीच्या आसपास. अशी २०,००० गाणी ८० जीबीत मावतात, त्यांना १२८चं कार्ड पुष्कळ झालं. २५६चं कार्ड एमपी३ने भरायला गेलात तर कार्ड रिकामं राहील आणि यंत्र आधी मान टाकेल. सीडीवरून लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळता, घेतलेली गाणी असतील तर मिनिटाला पाच एमबी धरा. मग एकेका बड्या ख्यालालाच दोनअडीचशे एमबी जातात आणि २५६ जीबीला अर्थ येतो. या आयपॉडचा मालक ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणारा, बहुतेक सगळं लॉसलेस. त्याला २५६ दिलं.

कार्ड हातात आलं की बसवायच्या आधी तपासा. बाजारात नकली कार्डं इतकी आहेत की ही पायरी गाळणं म्हणजे पुढच्या आठवड्यात सगळं परत उघडणं. नकली कार्डाची चिप ३२ जीबीची असते आणि ते २५६ असल्याचं सांगतं. ३२च्या पुढे लिहिलेलं गायब होतं किंवा आधीच्यावर चढतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडतात. सेकंदाला ४० एमबीने लिहिलं तर २५६ जीबीला पावणेदोन तास, वाचायला वेगळे. रात्री लावून ठेवायचं. विंडोज २५६च्या जागी २३८ दाखवेल, त्यात फसवणूक नाही. कारखाना हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ने. चाचणी झाली की विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात ‘क्लीन’ देऊन कार्ड कोरं करून घ्यायचं. ही आज्ञा देताना डिस्कचा नंबर दोनदा बघा, ती विचारत नाही, पुसते.

बॅटरी ३.७ व्होल्टची चपटी लिथियम. ३० जीबीच्या पातळ पाठीची आणि ६०-८०च्या जाड पाठीची वेगवेगळी मिळते. ३० जीबीचा आयपॉड ११ मिलिमीटर जाड, ८०चा १४. जाडजूड जास्त क्षमतेची बॅटरी घालायची असेल तर जाड पाठ वेगळी विकत घ्यावी लागते. ती ३० जीबीच्या पुढच्या भागाला बसते. आम्ही पातळच ठेवली. लेबलावरच्या एमएएचच्या, म्हणजे क्षमतेच्या, आकड्याला फार भुलू नका. एकाच आकाराच्या दोन बॅटऱ्यांवर दीडपटीचा फरक छापलेला दिसला तर छापणाऱ्याचा हात सैल आहे असं समजा. बाकी किरकोळ: प्लास्टिकच्या पातळ पात्या (गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्डही चालतं), बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा, पिवळी उष्णतारोधक टेप, दोन बाजूंनी चिकटणारी टेप, तीन मिलिमीटरचा फोम. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला यातलं बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं. अ‍ॅडॉप्टर मात्र मागवावं लागलं.

उघडताना होल्डचा खटका लावून ठेवायचा, म्हणजे मध्येच बटण दाबलं जाऊन यंत्र जागं होत नाही. पुढचा भाग प्लास्टिकचा, पाठ स्टीलची, आणि दोन्ही आतल्या कडेच्या दातांनी अडकलेली. स्क्रू नाही. पाती लांब बाजूच्या फटीत घालायची, स्टीलच्या आतून, आणि पाठीकडे किंचित झुकवून दात सोडवत खाली-वर सरकायचं. एक बाजू सुटली की तिथे दुसरी पाती अडकवून ठेवायची, नाही तर सुटलेले दात परत बसतात. वरच्या आणि खालच्या आखूड बाजूंना हात लावायचा नाही, वर हेडफोनची खाच आणि होल्ड आहे, खाली कनेक्टर. धातूचा स्क्रूड्रायव्हर वापरलात तर प्लास्टिकच्या कडेवर कायमचे चावे राहतात. क्लासिकचा पुढचा भागही धातूचा असतो आणि तिचे दात फारच चिवट. पाठीची कड वाकली की ती पूर्ण सरळ होत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने क्लासिकवर हात शिकू नये.

दोन्ही बाजू सुटल्या की लगेच पुस्तकासारखं उघडायचं नाही. आतून दोन पट्ट्या दोन्ही भागांना बांधून आहेत: बॅटरीची अरुंद नारिंगी पट्टी आणि हेडफोनची रुंद पट्टी. बोटभर फट करून आत बघायचं आणि आधी बॅटरीची पट्टी सोडवायची.

सगळ्या कामात सर्वांत जास्त बोर्ड इथे मरतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. बॅटरीची पट्टी ज्या कनेक्टरमध्ये जाते तो तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. त्याच्यावर एक लांबट कुलूप असतं. ते डिस्कच्या पट्टीच्या कुलपासारखं उलटं फिरत नाही. ते सरळ वर उचललं जातं, जेमतेम दोन मिलिमीटर. एका टोकाखाली प्लास्टिकचा चिमटा घालून केसभर उचलायचं, मग दुसऱ्या टोकाला केसभर, परत पहिल्याला. एका बाजूने जोर लावला की कुलूप निघून कुठे तरी उडतं, किंवा अख्खा कनेक्टरच बोर्डावरून उपटतो आणि मग सोल्डरिंगचं सूक्ष्म काम लागतं. बरोबर उचललं गेलं की पट्टी नुसती बोटाने ओढली तरी सुटते. जोर लावून ओढावी लागत असेल तर कुलूप अजून बंद आहे. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

बॅटरी सुटल्यावर पाठ आडवी बाजूला ठेवता येते, हेडफोनची पट्टी अजून जोडलेली असते पण ती तेवढी लांब आहे. आता डिस्क दिसते, कोपऱ्यांना निळ्या रबराच्या टोप्या घातलेली. डिस्क हलक्या हाताने उलटायची, खाली तिची रुंद पट्टी येते. डिस्कच्या बाजूचं काळं कुलूप नखाने नव्वद अंश उभं करायचं आणि पट्टी सरळ रेषेत मागे ओढायची. ओढायच्या आधी फोनने फोटो काढा: पट्टीची चकचकीत बाजू कोणत्या दिशेला आहे, ती किती आत गेलेली आहे. ही पट्टी उलटी बसवता येते आणि उलटी बसवली की नवं कार्ड ‘मेलेलं’ वाटतं. हेडफोनची पट्टीही काढून ठेवली तर काम मोकळं होतं. तिचं कुलूपही उभं करायचं असतं.

एक गोष्ट करून बघण्यासारखी. डिस्क फेकून द्यायच्या आधी पट्टी काढून, टोक कोरड्या मऊ कापडाने पुसून परत घट्ट बसवून एकदा चालवून बघा. उड्या मारणारे काही आयपॉड एवढ्याने सुधारतात, कारण वर्षानुवर्षं पडून-आपटून पट्टी कुलपात तिरकी झालेली असते. या आयपॉडवर फरक पडला नाही, स्मार्टच्या आकड्यांवरून तो पडणारही नव्हता.

पाठीला चिकटलेली जुनी बॅटरी काढायला हेअर ड्रायरने पाठ बाहेरून कोमट करायची, हात टिकेल एवढीच, आणि खालून प्लास्टिकची पाती सरकवत न्यायची. बॅटरी वाकवायची नाही, टोचायची नाही. ती फुगलेली असेल तर ड्रायरच्या वाटेला जाऊ नका, गार अवस्थेत मासे सोलल्यासारखी हळूहळू सोडवा. पडद्यावर मधोमध ढगासारखा पांढुरका डाग दिसत असेल तर तो बऱ्याचदा फुगलेल्या बॅटरीने मागून दिलेला दाब असतो. नवी बॅटरी जुनीच्याच जागी, पट्टी त्याच दिशेला येईल अशी टेपने चिकटवली.

अ‍ॅडॉप्टरमध्ये कार्ड घातलं, पट्टी बसवली, कुलूप आडवं केलं. बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डरची टोकं असतात आणि आयपॉडच्या आत धातूचा पत्रा. मध्ये पिवळी टेप लावली नाही तर एखाद्या दिवशी दोन्ही एकमेकांना भेटतात. डिस्कची जाडी पाच मिलिमीटर होती, अ‍ॅडॉप्टर तिच्याहून पातळ, म्हणून उरलेल्या जागेत फोमचा तुकडा. फोम दाबून भरायचा नाही. पाठ बसवताना जोर लागला तर तो दाब पडद्यावर जातो.

आणि पाठ इतक्यात बसवायची नाही. दोन्ही पट्ट्या जोडून, यंत्र उघडंच ठेवून रिस्टोअर करायचं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर कार्डावर नव्याने भरायचं. मेनू आणि मधलं बटण, मग डिस्क मोड, मग संगणक. आयट्यून्स (नव्या मॅकवर फाइंडर) सांगतं की आयपॉड रिकव्हरी मोडमध्ये आहे, रिस्टोअर करा. पहिला रिस्टोअर विंडोजवर करा, कारण मग कार्ड एफएटी३२ पद्धतीचं होतं आणि ते दोन्हीकडे वाचता येतं. मॅकवर केलेलं विंडोजला कळत नाही, आणि पुढे रॉकबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर एफएटी३२ लागतंच.

इथे एरर आली, १४३९. ती आली म्हणून अ‍ॅडॉप्टरला नावं ठेवायची घाई करू नये. कारणं मी या क्रमाने बघतो: केबल, पोर्ट, पट्टी, कार्ड. केबल जुनी आणि पिवळी पडलेली असेल तर ती चार्ज करते पण डेटा मध्येच तुटतो. पोर्ट लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ खाचेतला असेल तर साध्या यूएसबी २ची खाच किंवा मध्ये एक स्वस्त यूएसबी २चं हब लावून बघायचं. चेष्टा वाटेल, पण या हबने कितीतरी ‘खराब’ कार्डं बरी केली आहेत. मग पट्टी काढून परत बसवायची. आणि शेवटी कार्ड पुन्हा ‘क्लीन’ करायचं, कारण अर्धवट राहिलेल्या रिस्टोअरची विभागणी त्यावर उरलेली असते आणि पुढचा प्रयत्न तिलाच अडखळतो. इथे हब आणि क्लीन या दोन्हींनी मिळून काम झालं. दोन्ही एकदम केल्यामुळे नेमकं कशाने झालं, ते सांगता येणार नाही.

रिस्टोअर झाल्यावर लगेच २०० जीबी ढकलू नका. आधी वीसेक गाणी टाका, दोन्ही कानांत आवाज येतो का बघा (हेडफोनची पट्टी नीट बसली नसेल तर एक कान मुका राहतो), होल्डचा खटका चालतो का बघा, यंत्र झोपवून पाच मिनिटांनी उठवा. मग गाणी पन्नास-पन्नास जीबीच्या टप्प्यांत. सेकंदाला १५ एमबी धरले तर ५० जीबीला पाऊण ते एक तास. मध्ये अडकलं तर शेवटचा टप्पाच परत करावा लागतो. एकदम सगळं टाकायला गेलं आणि १८० जीबीवर केबल हलली, तर यादी लिहिली जात नाही. कार्ड भरलेलं आणि आयपॉड म्हणतो ‘एकही गाणं नाही’.

आता डिस्क फिरायची नाही, म्हणून गाणं दाबल्यावर वाजायला लागणारा तो अर्धा श्वासभर उशीर जातो. लांब ख्यालांना याचा सगळ्यात जास्त फायदा. पन्नास मिनिटांच्या लॉसलेस फाइलला रॅममधला साठा पाच-सहा मिनिटांतच संपतो, म्हणजे जुन्या डिस्कला एका ख्यालात आठ-दहा वेळा उठावं लागायचं. कंपनीने ३० जीबीसाठी सांगितलेले बॅटरीचे १४ तास अशा फाइलींवर कधीच मिळत नव्हते, ते यामुळे. विलंबितानंतरची द्रुत बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असेल तर मधली फट नको असते. ती सोय या पिढीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये २००६च्या शरदातल्या सुधारणेपासून आहे, फक्त सॉफ्टवेअर त्यानंतरचं हवं. एफएलएसी हा दुसरा लॉसलेस प्रकार मात्र मूळ सॉफ्टवेअर वाजवत नाही, अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदलून घ्यायचं; बदलताना आवाजात काही हरवत नाही.

एफएलएसी तशीच ठेवायची असेल तर रॉकबॉक्स. मोफत आहे, मूळ सॉफ्टवेअरच्या शेजारी राहतं. सुरू होताना होल्ड लावला की मूळ सॉफ्टवेअर उघडतं. फोल्डर ओढून टाकले की झालं, आयट्यून्स लागत नाही. मराठी नावांसाठी मात्र मन मोठं करावं लागतं. देवनागरी असलेला फॉन्ट टाकला तरी जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. टॅग रोमनमध्ये केले की डोळ्यांना त्रास नाही.

पाठ बसवताना हेडफोनची पट्टी घडीवर घडी न पडता आत जाते आहे ना, बॅटरीची नारिंगी पट्टी कडेच्या दातात चिमटत नाही ना, एवढं बघून वरून खाली दाबत यायचं. प्रत्येक दात ‘टक्’ करतो. ज्या जागी टक् होत नाही तिथे फोम किंवा पट्टी आड येते आहे. अंगठ्याने रेटू नका, उघडा आणि बघा. त्यानंतर पूर्ण चार्ज करून, गाणं न वाजवता रात्रभर पडू द्यायचा. सकाळी बॅटरीची खूण दोन कण्यांनी खाली आली असेल तर कार्ड झोपत नाहीये. तेव्हा दुसऱ्या बनावटीचं कार्ड घालून तीच रात्र परत काढायची. या आयपॉडची खूण सकाळी काठोकाठ होती.